व्याह्यांचा पहिला प्रश्न

आमचे व्याही स्वर्गात गेले तरी लगेच आत जायचे नाहीत. देव त्यांना उदंड आयुष्य देवो, पण जायची वेळ आलीच तर ते दाराशी उभे राहतील, दोन्ही हात पाठीमागे बांधतील, मान तिरकी करून बिजागरीकडे बघतील आणि द्वारपालाला विचारतील, "हे दार असं कदीपासनं अडकतंय?" तो बिचारा म्हणेल, पहिल्यापासूनच. "पहिल्यापासनं कुठलीच वस्तू बिगडलेली नसती," व्याही म्हणतील, "आदी चांगली असती, मंग कायतरी बदालतं. काय बदाललं तेवढं सांगा." मग पुण्यवंतांची रांग खाली नसरापूरच्या फाट्यापर्यंत गेली तरी बेहत्तर, दाराचा निकाल लागल्याशिवाय हा माणूस उंबरा ओलांडणार नाही.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. राहायला वेल्ह्याच्या वाटेवर विंझरला, आणि नोकरी सगळी शिवऱ्याच्या बाजूला हायवेवरच्या एका दुधाच्या प्लँटमध्ये, मेंटेनन्सचे सुपरवायझर म्हणून. तिथं दूध येतं, तापतं, गार होतं, पिशवीत भरतं, आणि या सगळ्या प्रवासात जे जे म्हणून बंद पडू शकतं ते ते व्याह्यांच्या ताब्यात होतं. रिटायर झाले तरी प्लँटवाल्यांचा फोन आला की हे मोटारसायकल काढून निघतात. मी स्वतः भोरच्या कचेरीत कारकून होते. जबान्या, पंचनामे आणि हरकती यांच्यात माझं आयुष्य गेलं, आणि कचेरीतल्या गर्दीवर कमावलेला माझा आवाज रिटायर झाल्यावरही तसाच आहे. तेव्हा प्रश्न विचारणारी माणसं मला नवी नाहीत. पण गेल्या वर्षी व्याह्यांना एक बिघाड असा सापडला की त्यात ना पंप होता ना मोटार. त्यात आमच्या दोन घरांत मिळून एकच असलेली नात होती, चिमी. ती आपल्या आबांशी, म्हणजे व्याह्यांशी, बोलेनाशी होत चालली होती, आणि का, ते आबांना काही केल्या सापडत नव्हतं. ते सांगायचंच आहे, पण त्याआधी माणूस कळायला हवा.

त्यांची माझी पहिली भेट आमच्या भोरच्या घरी झाली, मुलगी बघायच्या कार्यक्रमात. पोह्यांवर ओलं खोबरं पेरलेलं, मुलगी साडी सावरत ट्रे घेऊन बाहेर आलेली, मुलाकडची झाडून सगळी मंडळी तिच्याकडे बघतायत, आणि मुलाचे वडील छताकडे! मी मनात म्हटलं, झालं. मुलगी पसंत नाही, आता नकार कसा द्यावा याची जुळवाजुळव चाललीये. आमचे हे तर घामाघूम झाले. एवढ्यात मुलाचे वडील उठले, हात पाठीमागे बांधून बैठकीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "हा पंखा कदीपासनं हालतोय?" मग जी सरबत्ती सुरू झाली म्हणता! घराला रंग कधी दिला, रंगाऱ्यानं पंखे उतरवले होते का, आतल्या खोलीतलाही उतरवला का, पाती कुठं ठेवली होती, परत कुणी चढवली. मी हयातभर पंचनामे लिहिले, पण साक्षीदाराची अशी उलटतपासणी बघितली नव्हती. शेवटी स्टूल आलं. रंगाऱ्यानं आतल्या पंख्याचं एक पातं बाहेर आणि बाहेरचं आत लावून ठेवलं होतं. पोहे गार झाले, मुलगी ट्रे धरून ताटकळली, आणि होणारा जावई भावी सासूच्या घरात पहिल्यांदा आला तो स्टूल धरून उभा राहिला. पंखा सरळ फिरायला लागल्यावर व्याही खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "हां, आता बोला. लगीन कदी धरायचं?" त्यांनी त्या दिवशी मुलीकडे बघितलं की नाही, याचा खुलासा आजतागायत झालेला नाही.

बिघाडाशी वागायची त्यांची एक रीत आहे आणि ती मोडलेली त्यांना खपत नाही. आधी बघायचं, मग विचारायचं, मग ऐकायचं, आणि सगळ्यात शेवटी हात लावायचा. "हात लई उतावीळ असत्यात," ते म्हणतात, "म्हनून आदी बांधून ठेवायचे." विंझरमध्ये कुणाचा टेम्पो चालू होईना, कुणाची पिठाची गिरणी तापायला लागली, की तिथं हे हात मागे बांधून उभे. लोक आधी वैतागायचे, की अहो, काहीतरी करा ना! हे ढिम्म. ऐकायच्या पायरीला आले की मोटारसायकलच्या डिकीतून एक लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर निघायचा. त्या स्क्रूड्रायव्हरनं त्यांनी कधी एक स्क्रू फिरवला असेल तर शपथ. त्याचं टोक चालू मशीनच्या अंगाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला दाबून धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. जरा वेळानं डोळे उघडून निदान सांगायचे, "बेरिंग रडाय लागलंय. दिवाळीपत्तूर काढंल, फुडं न्हाई." ते बेरिंग खरोखरच दिवाळीच्या आसपास जायचं, एखादं पाडव्यालासुद्धा जायचं आणि मग सणासुदीला गिरणी बंद म्हणून बायका व्याह्यांनाच बोल लावायच्या. आमच्याकडे आले की माझा फ्रिज आणि वॉशिंग मशीन ऐकल्याशिवाय चहाला हात लावत नसत. एकदा आमचे हे दुपारी आडवे होऊन घोरत होते, तेव्हा व्याह्यांची नजर यांच्यावरून डिकीच्या किल्लीकडे गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

दुसरा त्यांचा कायदा म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. यावरून प्लँटमध्ये त्यांनी एकदा जो गोंधळ घातला तो मला जावयानं सांगितला. जावई तिथंच पॅकिंगला आहे. थंड पाण्याचा एक पंप सारखा बंद पडत होता. व्याही रजेवर. फिटर मंडळींनी मिळून एकाच दुपारी त्याचा फिल्टर बदलला, पट्टा बदलला, वायर बदलली, आणि पंप सुरू झाला. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी व्याही आले, पंप छान चाललेला बघितला, आणि त्यांचा चेहरा पडला. "कशानं चालू झाला?" कुणाला सांगता येईना. "मंग तो दुरुस्त झाला न्हाई. नुसता चालू झालाय." दुपारी पाण्याची गरज नव्हती तेवढा वेळ गाठून त्यांनी तो धडधाकट पंप थांबवला आणि जुन्या वस्तू एकेक करून परत बसवायला लावल्या, जोवर तो पुन्हा नीट बिघडत नाही तोवर! जुना फिल्टर बसवल्याबरोबर पंप आचके देऊन बंद पडला तेव्हा हा माणूस टाळ्या वाजवत होता म्हणे, आणि मॅनेजर कपाळाला हात लावून बसले होते. चालणारी वस्तू बंद पडल्यावर आनंद झालेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

प्लँटमध्ये हे ठीक हो, पण त्यांचा स्वयंपाकघरातही हाच खाक्या. आम्ही एकदा विंझरला जेवायला गेलो असताना विहीणबाईंच्या हातून आमटीत मीठ जास्त पडलं. ती माउली पाणी घालू, लिंबू पिळू की बटाटा सोडू अशा घाईत, तर हे ओट्याशी येऊन उभे. "येकच. पानी घाल, उकळी येऊ दे, चव बग. मंग लिंबू." पानं वाढलेली, आमचे हे भाकरी मोडून बसलेले, आणि आतमध्ये आमटीची चाचणी चाललेली. विहीणबाई शेवटी पदर खोचून म्हणाल्या, "तुमची मशीन तिकडं हायवेला. हितं माझं राज्य हाय. भाईर व्हा!" व्याही बाहेर आले आणि आम्हाला हळूच म्हणाले, "पान्यानंच झालं असतं." विहीणबाईंनी आत तिन्ही घालून टाकलं होतं, आणि आमटी फर्मास झाली होती. कशानं झाली ते त्या दिवसापासून त्यांना खुपतंय.

आता इतकं छळल्यावर या माणसाचा राग यायला हवा की नाही? पण तो येत नाही, त्याचंही कारण सांगते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझी मुलगी नवऱ्याशी भांडून बॅग भरून भोरला आली. मी तिची बाजू घेऊन दोन हात करायच्या तयारीत बसले, तर दुसऱ्या दिवशी दारात व्याही. एकटेच. मुलीला समोर बसवलं आणि विचारलं, "भांडन कदीपासनं?" मग, "त्याच्या आदी काय बदाललं?" ओरडणं नाही, उपदेश नाही, तुझंच चुकलं नाही आणि त्याचंच चुकलं नाही. ती का चिडली? तो बोलत नाही म्हणून. का बोलत नाही? घरी आला की झोपतो. का झोपतो? शिफ्ट बदलल्यापासून त्याची झोप होत नाही. का होत नाही? पहाटे घरी येऊन डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होतो. का सुरू होतो? तर व्याह्यांना स्वतःला सकाळी ताज्या चटणीची सवय! बिघाड फिरून फिरून त्यांच्याच ताटात येऊन पडला. ते उठले, म्हणाले, "सापाडलं. आजपासनं रातची शिळी चटनी." आणि सून घेऊन गेले. मी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. लेक चांगल्या घरी पडली असं मला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं.

त्या मिक्सरला त्यांनी घरी गेल्या गेल्या लाल पाटी लावली. ही पाटी म्हणजे त्यांच्या प्लँटमधला रिवाज. मशीनवर काम करायचं असेल तर तिची वीज तोडायची, बटणाला कुलूप घालायचं, वर लाल पाटी लटकवायची: "माणूस काम करत आहे. चालू करू नये." ज्याचं कुलूप त्याच्याच खिशात किल्ली, आणि ते दुसऱ्या कुणी उघडायचं नाही, मॅनेजरनंही नाही. ऐन उमेदीत त्यांच्या डोळ्यांदेखत कुणीतरी न बघता बटण दाबलं होतं आणि त्यांच्या सोबत्याची बोटं गेली होती. त्यावर ते कधी जास्त बोलत नाहीत, पण कुलूप कधी विसरत नाहीत. एकदाच विसरले, म्हणजे लावायला नव्हे, काढायला. घरात सत्यनारायण होता. सकाळी देवघरातल्या दिव्याचं बटण दुरुस्त करायला म्हणून यांनी घराच्या मेन स्विचला कुलूप घातलं, पाटी लावली, काम संपवलं, तेवढ्यात प्लँटचा फोन आला, आणि किल्ली खिशात घालून गेले शिवऱ्याला! घरात वीज नाही, पाण्याची मोटार नाही, पंखा नाही, आणि आम्ही पाहुणे घाम पुसत बसलोय. जावयाच्या हातात हातोडा होता, एका घावाचं काम. पण कुलपाला हात लावायला कुणी तयार होईना. विहीणबाई पाट्यावर वाटण वाटत म्हणाल्या, "कुलूप त्यांचं हाय. ते आल्यावर निघंल." भटजींनी सुद्धा पाटी वाचली आणि उपरण्यानं वारा घेत पोथी सुरू केली. कथा संपता संपता व्याही परत आले, दारातच सगळं ध्यानात आलं, आणि शरमिंदे व्हायचं सोडून छाती फुगवून म्हणाले, "कुनी तोडलं न्हाई! शाबास!" मी म्हटलं, "अहो, प्रसादाच्या शिऱ्यासाठी मिक्सर नाही म्हणून आम्ही वेलदोडे लाटण्यानं कुटले!" तर म्हणतात कसे, "ताई, तुमचं येक बरं हाय. तुमचं बोलनं कसं थेट पोचतं. बाकीचे समदे पुटपुटत्यात." मी ही स्तुती धरून बसले. कित्येक महिने मी ती शेजारणींना सांगत होते.

आता तो बिघाड. सुरुवात कुकरच्या शिट्टीपासून झाली. विहीणबाई शेतात जाताना सांगून गेल्या, शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. व्याही कुकरसमोर खुर्ची टाकून बसले, हात मागे, आणि खिचडीचा कोळसा झाला. "शिट्टीच झाली न्हाई," हे त्यांचं म्हणणं. शिट्टी बदलली. पुढच्या वेळी भाताचा कोळसा. रिंग बदलली. मग आख्खा कुकर बदलला. तोवर दाराची बेल वाजेनाशी झाली. तिचं बटण बदललं, मग सेल, मग बेल. नवी बेल अशी ठणाणा करायची की समोरच्या घरातली माणसं उठून आपलं दार उघडायची, पण व्याही ओसरीवर निवांत. मोबाईलची रिंगही वाजेना. "आजकालचा माल लई हलका आलाय," हा त्यांचा निष्कर्ष, आणि एका वेळी एकच या कायद्यानं एकेक वस्तू बदलत चालले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पण गंमत बघा, तीन घरं पलीकडच्या गिरणीची मोटार जड चाललीये हे त्यांना बसल्या जागी कळायचं. त्यामुळे कुणाच्या मनात दुसरी शंकाच आली नाही. माझ्याही नाही.

आणि मग चिमी. अंगणवाडीत जायला लागलेली, चिमणीएवढ्या आवाजाची पोर. तिचा सारा दिवस आबांच्या मागे मागे जायचा. "आबा, हे बघा. आबा, मला घ्या. आबा, भुंगा!" आबा आपल्या पंपात डोकं घालून. पहिल्यांदा ती परत हाक मारायची, मग शर्ट ओढायची, मग तिनं ओढणंही सोडलं. मी विंझरला गेले होते तेव्हा अंगणात एकटीच खेळत होती. म्हटलं, "आबांना बोलव की खेळायला." तिनं मान हलवली. "आबा माझ्याशी नाही बोलत. मी मारली हाक तरी नाही बोलत." तिच्या बोलण्यात तक्रार सुद्धा नव्हती, आणि त्याचंच वाईट वाटलं. मी तडक आत गेले आणि व्याह्यांना फैलावर घेतलं, पोर हाका मारते आणि तुम्ही ढुंकून बघत नाही म्हणजे काय? त्यांचा चेहरा एवढासा झाला. "ताई, म्या बी त्येच बगतोय. पोरगी आदी बोलायची वो माझ्याशी. आता तिचा आवाजच उमटंना. घशात कायतरी झालंय तिच्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पंप बंद पडला तर हा माणूस सुखानं जेवतो, पण नातीच्या आवाजाची काळजी त्यांना आतून पोखरत होती.

दुसऱ्याच दिवशी चिमीला घेऊन ते भोरला आले, लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवायला. मीही गेले. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, तिला आ करायला लावलं, गोष्ट सांगायला लावली. तिनं बेडकाची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की बाहेर बसलेल्या बायासुद्धा हसल्या. व्याही तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते आणि तेही हसले. "आवाज खणखणीत आहे हो," डॉक्टर म्हणाले. व्याह्यांनी त्यांना विचारलं, हे कदीपासनं, अमकं का, तमकं का, आणि डॉक्टरांनी शेवटी हात जोडून पुढचा पेशंट बोलावला.

घरी आल्यावर व्याही चहाला शिवले नाहीत. फ्रिज ऐकला नाही. बैठकीत त्याच सरळ केलेल्या पंख्याखाली उभे राहिले, हात मागे, नजर खाली. म्हणाले, "दवाखान्यात मला तिचं ऐकू आलं. घरी येत न्हाई. काय बदाललं?" मी म्हटलं, "काय बदललं?" "तितं ती समोर हुती." त्यांनी एक खुर्ची ओढली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तीवर बसले. मला समोर, भिंतीशी उभं केलं. चिमीला सांगितलं, तिकडं दारात जाऊन उभी राहा आणि आबांना हाक मार. मला म्हणाले, "ताई, तुमाला ऐकू आलं की येक बोट वर करा. तोंडानं काय बोलू नगा."

चिमीला वाटलं खेळच आहे. दारातून तिनं हाक मारली, "आबा!" मी बोट वर केलं. व्याही माझ्या बोटाकडे बघत होते, हाक अजून यायचीच आहे अशी वाट बघत असल्यासारखे. ती पुन्हा म्हणाली, "आबाऽ!" मी पुन्हा बोट वर केलं. मग तिला जोर चढला. आबा, आबा, ओ आबा, असं ती नाचत नाचत ओरडायला लागली, आणि माझं बोट वर व्हायचं, खाली यायचं, वर व्हायचं. त्या माणसाचे डोळे त्या बोटाबरोबर वरखाली होत होते. मागे काय चाललंय याचा पत्ताही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

मग त्यांनी खुर्ची उलटी केली. बाकी काही नाही, एकटी खुर्ची. चिमी समोर आली. "आबा," ती म्हणाली. ते म्हणाले, "हां. आलं." आणि आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "बेल बदालली. शिट्टी बदालली. कुकर बदालला. पोरगी दावली. समदं बदालून झालं. बदाललं न्हाई असं येकच ऱ्हायलं." पाठीमागचा एक हात सुटून पुढे आला आणि त्यांच्या छातीवर टेकला. "म्या." चिमी टाळ्या वाजवत म्हणाली, "आबा आऊट!" मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. मला रडू आवरेना.

पुण्याला जाऊन कान तपासून घेतले. बारीक, उंच आवाज गेले आहेत, जाडे अजून शाबूत आहेत, असं निघालं. म्हणून गिरणी ऐकू यायची, मी ऐकू यायची आणि नात नाही. प्लँटमधल्या कॉम्प्रेसरच्या खोलीत, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात जन्म गेला आणि कानात बोळे कधी घातले नाहीत. "बोळा घातल्यावर मशीन काय बोलतीय ते कळायचं कसं?" हे त्यांचं उत्तर. दुसऱ्यांची बोटं जपायला कुलपं लावत हिंडलेल्या माणसानं स्वतःचे कान तेवढे उघडे टाकले. पुण्याहून येताना ते आधी प्लँटवर गेले आणि मॅनेजरना म्हणाले, "बगायला बोलवा, इचारायला बोलवा. ऐकायचं काम आता दुसऱ्याला द्या. माझ्या कानावर इसंबून ऱ्हाऊ नगा." त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला कळलंही नव्हतं. तो लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर त्यांनी कॉम्प्रेसरच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवून ठेवला आणि घरी आले. जावई सांगत होता, अजून त्याला कुणी हात लावलेला नाही. लाल पाटी नसतानाही.

दोन्ही कानांत यंत्रं बसली, आणि व्याह्यांचा नवा छळ सुरू झाला. विहीणबाईंची भांडी फार वाजतात, चप्पल फार फरफटते, कावळे पूर्वी एवढे नव्हते. मी भेटायला विंझरला गेले, दारातूनच म्हटलं, "काय व्याही, कसं वाटतंय?" तर दचकून दोन्ही कानांवर हात! "अरारारा! ताई, तुमी हितक्या मोठ्यानं बोलता व्हय?" विहीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझ्या थेट पोचणाऱ्या बोलण्याच्या स्तुतीचा तिथंच निकाल लागला.

त्याच दुपारची गोष्ट. चिमीची हाक मारायची सवय एव्हाना गेलीच होती. काही हवं असलं की ती वळसा घालून आबांच्या समोर जायची आणि गुडघ्यावर टकटक करायची. आम्ही ओसरीवर बसलो होतो, व्याही पाठमोरे, सुपारी कातरत. ती आतून आली, उंबऱ्यात थांबली, आणि कुणास ठाऊक काय मनात आलं, अगदी हळू, आपल्याशीच म्हटल्यासारखं म्हणाली, "आबा."

व्याही वळले.

ती इतकी चकित झाली की काय हवं होतं तेच विसरली. व्याही उठले. सवयीनं दोन्ही हात पाठीमागे गेले, मान तिरकी झाली, आणि त्यांनी जगातल्या प्रत्येक बिघडलेल्या वस्तूला विचारला होता तोच प्रश्न तिला विचारला, "कदीपासनं हाका मारतीयास गं?"

"लई दिवसापासनं," चिमी म्हणाली.

आता यापुढचा प्रश्न आम्हा सगळ्यांना पाठ होता. त्याच्या आधी काय बदललं, मग का, मग परत का. विहीणबाईंनी तर हसायची तयारी केली होती. पण व्याह्यांनी काहीच विचारलं नाही. पाठीमागचे हात सुटले. ते तिथंच उंबऱ्याशी खाली बसले, तिच्याकडे पाठ करून.

"आजून येकदा मार," ते म्हणाले.

"आबा."

"आजून येकदा."

ती मारत राहिली. आत कुकरची शिट्टी झाली. ती त्यांनाही ऐकू आली असणार, पण त्यांनी मान वळवली नाही.